विश्लेषण : ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी खाली करायची तर लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर?

बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह आणि मर्सिडीज-एएमजी ए ३५ फोरमॅटिक या दोन्ही गाड्या २०२१ मध्ये भारतात आल्या. इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या या सेडान घेणाऱ्या हौशी मालकांपैकी अनेकांना पहिल्या सर्व्हिसिंगआधीच एक गोष्ट खटकू लागते. ती म्हणजे टायर आणि मडगार्ड यांच्यातली तीन-चार बोटांची पोकळी. ती कमी करण्याचे दोन रुळलेले मार्ग आहेत. पण ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत हा निर्णय चुकला, तर त्याचे बिल सस्पेन्शनपुरते थांबत नाही.

दोन्हींत फरक काय?

लोअरिंग स्प्रिंग म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगच्या जागी बसणारी, थोडी आखूड आणि थोडी कडक स्प्रिंग. शॉक अॅब्सॉर्बर कंपनीचाच राहतो. गाडी साधारण २० ते ४० मिमी खाली येते आणि एकदा बसवल्यावर ही उंची बदलता येत नाही. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकमेकांसाठी जुळवून बनवलेले असतात. शॉकच्या अंगावर आटे असतात, ते फिरवून उंची कमी-जास्त करता येते. महागड्या संचांत शॉकचा कडकपणाही बदलता येतो. किंमत अर्थातच स्प्रिंगच्या कित्येक पट.

नावावर मात्र जाऊ नये. एम३४०आयच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळ्या जागी बसतात. त्यामुळे या गाडीसाठी ‘कॉइलओव्हर’ म्हणून विकला जाणारा संच खऱ्या अर्थाने कॉइलओव्हर असतो तो फक्त पुढे.

खरा प्रश्न उंचीचा आहे का?

गाडी किती खाली गेली हे सगळेच मोजतात. चाकाला वर जायला किती जागा उरली, हे फारसे कुणी मोजत नाही. उदाहरणादाखल, गाडी उभी असताना चाक वर सरकायला ७० मिमी जागा आहे असे धरू. त्यानंतर रबरी बंप स्टॉप लागतो. गाडी ३० मिमी खाली केली की उरले ४० मिमी. खड्डा मात्र पूर्वीचाच. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तोच दणका ४० मिमीमध्ये जिरवायचा असेल, तर स्प्रिंग (७०/४०)² म्हणजे सुमारे तिप्पट कडक हवी. बाजारातल्या बहुतेक लोअरिंग स्प्रिंग तिप्पट कडक नसतात, त्याच्या जवळपासही नसतात. तशा असत्या तर रोज गाडी चालवणे नकोसे झाले असते. मग उरलेला दणका बंप स्टॉपवर जातो आणि तिथून तुमच्या कण्यात.

कॉइलओव्हर या गणितातून आपोआप सुटत नाही. स्वस्त संचात उंची कमी करायला स्प्रिंगची बैठक खाली घेतात, तेव्हा शॉकची चालही तेवढीच घटते. खालचा ब्रॅकेट स्वतंत्रपणे फिरवता येईल अशा संचात उंची बदलूनही शॉकची चाल शाबूत राहते. खरेदीच्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न हाच. रंगीत अॅनोडायझिंग नंतर पाहता येईल.

ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये वेगळे काय बिघडते?

गाडी खाली आली की चाकांची वरची बाजू आत झुकते, म्हणजे कॅम्बर वाढतो. टोही बदलतो. अलाइनमेंट केले नाही तर टायरची आतली कड आधी झिजते. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा डोकावतात. दोन चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत दोन टायर बदलून भागते. इथे भागेलच असे नाही. एक्सड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांकडे किती ताकद जावी हे ट्रान्स्फर केसमधला मल्टिप्लेट क्लच ठरवतो. पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरांचे कंपनीने ठरवलेले नाते बिघडले, की सरळ रस्त्यावरही दोन्ही अॅक्सल वेगळ्या वेगाने फिरू पाहतात आणि तो क्लच सतत घासत राहतो.

ही सवलत किती कमी असते, ते सुबारूच्या उदाहरणावरून कळते. अमेरिका आणि जपानमध्ये डब्ल्यूआरएक्स ही मॉडिफिकेशनवाल्यांची लाडकी गाडी. चार टायरच्या घेरांत पाव इंचाहून जास्त फरक नको, असे सुबारू सांगते. पाव इंच घेर म्हणजे टायरच्या खोबणीच्या खोलीत जेमतेम १ मिमीचा फरक. म्हणजे आतून खाल्लेले दोन टायर टाकून दोन नवे घेतले, तरी उरलेल्या दोन अर्ध्या झिजलेल्या टायरशी ते जुळत नाहीत. चारही बदलावे लागतात.

शिवाय पुढच्या चाकांकडेही ड्राइव्ह शाफ्ट जातात. गाडी खाली गेली की त्यांच्या सीव्ही जॉइंटचा कोन बदलतो. २० मिमीमध्ये सहसा काही होत नाही, पण ५०-६० मिमीमध्ये जॉइंट आणि त्यांचे रबरी बूट लवकर जातात. किट मागवताना ते एक्सड्राइव्हसाठीचेच आहे ना, हेही तपासायला हवे. रिअर-व्हील-ड्राइव्ह ३ सिरीजच्या पुढच्या भागांशी त्याचे मापच नव्हे, वजनाचे गणितही जुळत नाही.

आणखी एक गंमत. पुढे स्ट्रट असलेली गाडी बेसुमार खाली नेली, तर वळणावर ती कमी झुकण्याऐवजी जास्त झुकू पाहते. कारण गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो, त्याहून तिचा रोल सेंटर जास्त खाली जातो. दिसायला रेसिंग कार, चालायला होडी.

मग निवड कशी करायची?

पुणे-मुंबई, ताम्हिणी, महाबळेश्वर अशा फेऱ्या असतील आणि शॉक चांगल्या अवस्थेत असतील, तर १५ ते २५ मिमीची नामांकित कंपनीची स्प्रिंग पुरेशी आहे. गाडीत इलेक्ट्रॉनिक शॉक असतील तर स्प्रिंगचाच फायदा जास्त, कारण कम्फर्ट-स्पोर्टची सोय शाबूत राहते. बहुतेक कॉइलओव्हर बसवले की ती जाते आणि डॅशबोर्डवरचा इशारा बंद ठेवायला वेगळे मॉड्यूल लावावे लागते.

शॉक थकलेले असतील तर नुसती स्प्रिंग बदलणे म्हणजे खोटी काटकसर. कडक स्प्रिंगला आवरणे त्यांना जमत नाही, गाडी दणक्यानंतर दोन-तीनदा उसळते आणि तेवढ्या वेळात टायरची पकड सुटते. चार चाकांच्या ताकदीसाठी मोजलेले पैसे तिथेच वाया जातात, कारण हवेतल्या चाकाला ताकद देऊन उपयोग नसतो. अशा वेळी जुळणारे शॉक आणि स्प्रिंग एकत्र घ्यावेत किंवा मग कॉइलओव्हर. चेन्नई वा कोइमतूरच्या ट्रॅकवर वर्षातून काही वेळा जाणाऱ्यांसाठी कॉइलओव्हरला खरा अर्थ आहे. बाकीचे बहुतेक जण पहिल्या आठवड्यात उंची ठरवतात आणि नंतर त्या आट्यांना हातही लावत नाहीत. दोन कोकणी पावसाळे गेले की हात लावूनही उपयोग नसतो, आटे गंजून जाम झालेले असतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. आरसीत सस्पेन्शनची उंची कुठे लिहिलेली असते, असा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतरचा दावाही अडू शकतो.

रस्त्यांचेही पाहावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तसा असेल तर थोडी खाली केलेली गाडी तो ओलांडते. सोसायटीच्या दारात रातोरात ओतलेला सिमेंटचा उंचवटा कोणतेच मानक पाळत नाही.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे. स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोड्या बसतात, म्हणून हजारेक किलोमीटरनंतर ते पुन्हा करावे. त्याच वेळी हेडलाइटची पातळी आणि टायरची आतली कड तपासून घ्यावी, तीही गाडी लिफ्टवर असताना.