मोठी गिअरची गाडी सोडून छोटी ऑटोमॅटिक घेतली, आता डाव्या पायाचं काय करायचं?

संध्याकाळी सहानंतर भोसरीकडून दिघीच्या मॅगझिन चौकाकडे येताना क्लच किती वेळा दाबावा लागतो, हे एकदा मोजून बघा. कंपन्यांच्या बस, चाकणकडून येणारे ट्रेलर, मधेच घुसणाऱ्या रिक्षा. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा डावा गुडघा घरी पोहोचेपर्यंत बोलायला लागतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, असा फरक झाला. मोठी डिझेल गाडी विकून छोटी ऑटोमॅटिक घ्यावी, हा विचार डोक्यात येण्यासाठी एवढी कारणं पुरेशी आहेत.

गाडी येते, पेढे वाटले जातात आणि पहिल्याच आठवड्यात तक्रार सुरू होते: 'हिच्यात दमच नाही.' त्यापाठोपाठ दुसरी: 'गिअर बदलताना झटके देते.' दोन्ही तक्रारींत तथ्य आहे आणि दोन्हींवर उपाय आहे. खरा धोका मात्र तिसऱ्याच गोष्टीत असतो आणि शोरूममध्ये चावी हातात देताना त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दम गेला कुठे?

उदाहरण म्हणून दोन ओळखीच्या गाड्या घेऊ. इनोव्हा क्रिस्टाचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत ३४३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि तोही १४०० आरपीएमपासून. आपल्याच जिल्ह्यात रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा पंचचं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन २०२१ मध्ये आलं तेव्हा ११३ न्यूटन-मीटर देत होतं आणि त्यासाठी त्याला ३३०० आरपीएमच्या आसपास जावं लागत होतं. पंच वजनाने बरीच हलकी असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक आकड्यांइतका मोठा राहत नाही. पण ताकद कुठे मिळते, ती जागाच बदलते.

डिझेलवर वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा कान कमी आरपीएमला सरावलेला असतो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय थोडा दाबला की गाडी ओढते, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. छोटं पेट्रोल इंजिन साडेतीन-चार हजारांवर गेलं की त्याला वाटतं, इंजिन कळवळतंय, म्हणून तो पाय काढून घेतो. नेमकी तिथेच गाडीला ताकद मिळणार असते. तो आवाज त्रासाचा नाही, कामाचा आहे. इंजिन गरम झाल्यावर गरजेपुरतं चार-साडेचार हजारांपर्यंत नेल्याने पेट्रोल इंजिनाचं काही बिघडत नाही.

ओव्हरटेक करताना मात्र हिशेब नव्याने करावा लागतो. मोशीच्या पुढे नाशिक महामार्गावर कंटेनरच्या मागे ताशी ६० किलोमीटरने चालला आहात आणि ॲक्सिलरेटर खोल दाबला, असं समजा. ऑटोमॅटिकला आधी ओळखावं लागतं की तुम्हाला जोर हवा आहे. मग ती एक-दोन गिअर खाली येते आणि मगच ओढते. यात एक सेकंद गेला तरी तेवढ्यात गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून कंटेनरच्या अगदी मागे न चिकटता थोडं अंतर ठेवायचं, मॅन्युअल मोड असेल तर आधीच एक गिअर खाली घ्यायचा आणि गाडी ओढायला लागली की मग बाहेर पडायचं. जुन्या गाडीच्या भरवशावर ज्या फटीतून निघालो असतो, ती सोडून द्यायची.

झटके का बसतात?

'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली चार वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. स्वस्त गाड्यांत बहुतेक वेळा एएमटी असते. हा साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना क्लच सुटतो, क्षणभर चाकांना ताकद मिळत नाही आणि आपली मान पुढे जाते. बदलाच्या वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका केला, म्हणजे पूर्वी क्लच दाबताना करायचो तेवढाच, तर झटका बराच कमी होतो. चार-पाच दिवसांत पायाला वेळ कळते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लचऐवजी तेलातून ताकद जाते, त्यामुळे सगळं मऊ वाटतं. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, त्यामुळे आधी आवाज चढतो आणि वेग मागून येतो. ड्युअल क्लच सर्वांत चपळ, पण त्याच्या कोरड्या प्रकाराला रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तापायची खोड असते.

चढावर एएमटी आणि ड्युअल क्लचला एक गोष्ट अजिबात सहन होत नाही. आळंदी रस्ता सोडून दत्तगडाच्या बाजूला चढावर गाडी थांबली आणि ब्रेकऐवजी थोडी थोडी रेस देऊन तिला जागेवर धरली, तर आत क्लच घासत राहतो. मॅन्युअलमध्ये 'हाफ क्लच'वर गाडी धरणारे हेच करायचे, पण जळका वास आला की पाय काढायचे. इथे पाय क्लचवर नसतोच. उभं राहायचं असेल तर ब्रेक किंवा हँडब्रेक, तिसरा मार्ग नाही.

आणि तो डावा पाय

ज्यांच्या घरात आधी चेतक आणि मग कायनेटिक होंडा आली, त्यांना हा प्रकार आठवत असेल. आकुर्डीत बनणाऱ्या चेतकला डाव्या हातात क्लच आणि गिअर. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाला गिअर नव्हते आणि डाव्या हातात ब्रेक होता. चेतकवर हात बसलेल्या माणसाने सवयीने डावा लिव्हर जोरात आवळला की मागचं चाक जागीच अडायचं.

कारमध्येही तेच होतं, पण पायाने. सिग्नलजवळ येताना डावा पाय आपसूक क्लच शोधतो आणि त्याला रुंद ब्रेक सापडतो. क्लच जमिनीपर्यंत दाबायची सवय असलेला पाय ब्रेकही तसाच दाबतो. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा दुचाकीवाला डिकीवर येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मॅन्युअलमध्ये क्लच ही सुटकेची वाट होती. गडबडीत चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला तरी डावा पाय क्लचवर गेलेला असायचा, इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाकांना ताकद मिळायची नाही. ऑटोमॅटिकमध्ये ती वाट बंद होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला, तर मधे अडवणारं काही उरत नाही.

आपल्याकडे लायसन्समध्ये दुचाकीला गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे, कारला नाही. नाशिक फाट्याजवळ आयडीटीआरच्या ट्रॅकवर कधीकाळी मॅन्युअलवर आठचा आकडा काढलेला माणूस ऑटोमॅटिक घेतो, तेव्हा त्याची वेगळी परीक्षा कुणी घेत नाही. ती आपणच घ्यायची. रविवारी सकाळी रिकामं मैदान गाठा. डावा पाय सीटजवळ मागे ओढून ठेवा किंवा फूटरेस्टवर टेकवा. उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर टेकवून फक्त चवडा ॲक्सिलरेटरकडे फिरवायचा. पाय अख्खा उचलून इकडून तिकडे नेला, तर परत येताना नेम चुकतो. पाठीमागे वळून रिव्हर्स घेताना ही चूक सहज होते, तेव्हा रिव्हर्सचा सराव जास्त करा. चुकून गाडी सुसाट निघालीच, तर ब्रेक पूर्ण दाबायचा आणि लिव्हर एनवर ढकलायचा.

आणखी एक सवय दिघीकरांना हवीच. डीमध्ये असताना ब्रेक सोडला की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या रेस न देताही हळूहळू पुढे सरकतात. ट्रॅफिकमध्ये हे सुख आहे. पण कार्तिकीला किंवा पालखीच्या दिवसांत आळंदी रस्त्यावर बोनेटसमोरून वारकरी चालत असतात. मोबाइल वाजला, पाय सैल पडला, तर गाडी थांबलेली राहत नाही. माणसं जात असतील तर एन आणि हँडब्रेक.

दिवे घाटासारख्या उतारावर डी सोडून मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा गिअर धरा, नाहीतर गाडी वरचा गिअर घेत जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पार्किंग करताना आधी हँडब्रेक, मग पी. बहुतेक एएमटी गाड्यांना पी नसतो. तिथे हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची.

साधारण दोन-तीन आठवड्यांत डावा पाय शांत होतो. घरात जुनी मॅन्युअल अजून असेल, तर ते लगेच कळतं: पहिल्या सिग्नलला तुम्ही नुसता ब्रेक दाबता आणि गाडी आचका देऊन बंद पडते.