कपाळावरची कोर, वहीतली कोर

शिवजयंतीच्या दिवशी साताऱ्यात लहान-लहान पोरांच्या कपाळावर चंद्रकोर रेखलेली असते. ती आडवी असते. दोन्ही टोकं वर, पाण्यावर सोडलेल्या होडीसारखी. त्यातल्याच एका पोराच्या हातात तेलखडू देऊन ‘रात्रीचं आकाश काढ’ म्हणून बघा. कागदावर उतरते ती कोर उभी असते, कलिंगडाच्या फोडीसारखी, आणि तिच्या कुशीत एक पाच टोकांची चांदणी बसवलेली असते.

ही दुसरी कोर त्याने आकाशात पाहिलेली नाही. ती गोष्टीच्या पुस्तकातून, कार्टूनमधून आणि वर्गातल्या तक्त्यावरून आलेली आहे. इंग्लंडसारख्या उत्तरेकडच्या देशात कोर बरीच उभी दिसते, त्यामुळे तिथल्या चित्रकारांनी ती तशी काढली, आणि आपण ती तशीच उचलली. आपल्या अक्षांशाला शोभणारी कोर आज्ज्यांच्या कपाळावर होती, पण शाळेत तिला कोणी विचारलं नाही.

खगोलशास्त्र चित्रांतून शिकवायचं म्हणजे काय, याचं उत्तर मला या दोन कोरींमध्ये दिसतं. हल्ली सुट्टीत ‘विज्ञान आणि कला’ अशा नावाच्या कार्यशाळा गावोगाव होतात. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी चित्र हे कडू गोळीवरच्या साखरेसारखं वापरलं जातं. आधी ग्रहांची माहिती सांगायची, मग मुलांनी ती रंगवायची. सूर्याभोवती मण्यांसारखे ओवलेले आठ ग्रह, कोपऱ्यात एक रॉकेट, आणि नीट रंगवलेल्या चित्राला पहिला नंबर. यात मुलांचा वेळ छान जातो, पण आकाशाकडे कोणीच बघत नाही. चित्राचं खरं काम वेगळं आहे. हातात पेन्सिल असली की डोळ्याला टाळाटाळ करता येत नाही. रेघ कुठे ओढायची हे ठरवायचं तर नीट बघावंच लागतं.

कोरीचंच घ्या. चंद्राची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते, हे वाक्य पाठ करायला एक मिनिट लागतं. पण गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चैत्र शुद्ध द्वितीयेला, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला पाहून कोर काढली, की ती आडवी होडीच निघते. कारण त्या दिवसांत आपल्याकडे चंद्र मावळलेल्या सूर्याच्या जवळजवळ सरळ वर असतो, म्हणजे उजेड त्याला खालून लागतो. तीच द्वितीयेची कोर भाद्रपद-आश्विनात काढली तर ती एका कुशीवर कललेली दिसते, कारण तेव्हा चंद्र सूर्याच्या वर नसून डावीकडे, दक्षिणेला सरकलेला असतो. दोन चित्रं शेजारी ठेवली की सूर्य-चंद्राची आकाशातली वाट वर्षभरात कशी कलते, हा वरच्या वर्गातला विषय पाचवीतल्या मुलापुढे येऊन बसतो. मिरजेत ईदचा चंद्र बघायला गच्चीवर चढणारी मुलं तर हे निरीक्षण कोणी न सांगता करतात. २०२४ आणि २०२५ मध्ये पाडवा आणि रमजान ईद एक-दोन दिवसांच्या अंतराने आले, तेव्हा दोन्ही घरांची नजर एकाच कोरीवर होती.

आणि ती कुशीतली चांदणी? कोरीच्या दोन टोकांमध्ये चंद्राचंच अंधारलेलं अंग असतं, तिथून तारा दिसणार कसा? हे सांगावं लागत नाही. द्वितीया-तृतीयेला नीट पाहिलं तर ते अंधारलेलं अंग फिकट राखाडी दिसतंच, आणि मूल आपणहून तिथे पेन्सिल आडवी फिरवतं. तो राखाडी उजेड पृथ्वीवरून परतून चंद्रावर पडलेला असतो. हे कारण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वहीत लिहून ठेवणारा माणूस चित्रकार होता. लिओनार्दो दा विंची.

चित्रकाराच्या डोळ्याची गोष्ट पुढे शंभर वर्षांनी आणखी रंगते. १६०९च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि काढला. उजेड-अंधाराची सीमारेषा वेडीवाकडी, थोडे डाग, बस्स. काही महिन्यांनी इटलीत गॅलिलिओने तोच चंद्र काढला तेव्हा त्याच्या कागदावर डोंगर आणि खड्डे उतरले. गॅलिलिओची दुर्बीण जास्त ताकदीची होती हे खरं. पण छायाप्रकाश रंगवण्यात त्याचा हात मुरलेला होता हेही तितकंच खरं. सीमारेषेजवळच्या काळ्या ठिपक्याची एक कडा उजळ दिसली की तो खड्डा आहे, आणि सीमारेषेपलीकडच्या अंधारात एकटा उजळ ठिपका दिसला की ते उन्हात आलेलं शिखर आहे, हे ओळखायला सवय लागते. गॅलिलिओचं पुस्तक आल्यावर हॅरियटने पुन्हा चंद्र काढला. आता त्यालाही खड्डे दिसले.

आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुलं हेच कसब शिकत असतात. तांब्या, वांगं आणि लिंबू मांडून एका बाजूने येणाऱ्या उजेडात त्यांची छाया भरतात. त्या मुलांना परातीत तांदळाचं पीठ पसरून, त्यात गोट्या टाकून, अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्च मारून द्या. टॉर्च वरून धरला की खड्डे पुसल्यासारखे होतात, आडवा धरला की उठून दिसतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट का वाटतो आणि अष्टमीचा खडबडीत का, हा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. चित्रकलेचे सर आणि विज्ञानाच्या बाई एका तासाला एका खोलीत यावं, एवढीच त्याची अट.

पेन्सिल हे खगोलशास्त्राचं उपकरण म्हणून आपल्या मुलखातही वापरलं गेलं आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर उतरली. नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ तेव्हा विजयदुर्गावर ठाण मांडून होता. किल्ल्यावरच्या त्या जागेला ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. (हेलियमचा शोध तिथेच लागला असं अभिमानाने सांगितलं जातं, ते काही खरं नाही. हेलियमची कथा १८६८ची, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होता.) कॅमेरे होतेच, पण सूर्याभोवतीचं प्रभामंडळ मधे झगझगीत आणि कडेला अतिशय मंद असतं. दोन्ही एका छायाचित्रात नीट येत नाहीत, डोळ्याला मात्र एकदम दिसतात. म्हणून लॉकियरने ‘मेलपोमिनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना कामाला लावलं. प्रभामंडळाची चित्रं त्यांना थोडा वेळ दाखवायची आणि त्यांनी ती कागदावर उतरवायची, अशी तालीम आधी घेतली. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांसाठी दोरखंड ओढणाऱ्या हातांना स्मरणचित्र शिकवलं गेलं. ती सावली मग सह्याद्री चढून कऱ्हाडच्या मुलखावरून करमाळ्याजवळच्या जेऊरकडे गेली. तिथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बिणी लावून वाट पाहत होते.

ग्रहण काही रोज येत नाही. साताऱ्याच्या मुलाला रोज मिळतं ते क्षितिज, आणि तेही फुकट. पश्चिमेला यवतेश्वराची डोंगररांग, पूर्वेला जरंडेश्वर. घराच्या गच्चीवरून, नेहमी एकाच जागी उभं राहून, पश्चिमेच्या डोंगराची कड एका लांब पट्टीवर काढायची. झाड, टॉवर, कडेवरची खाच, सगळं. मग दर पंधरा दिवसांनी सूर्य कुठे टेकला तिथे खूण करून तारीख लिहायची. सूर्याकडे टक लावायची नाही. तो कडेआड गेल्यावर उजेडावरून जागा हेरायची. साडेसतरा-पावणेअठरा अक्षांशावर ही खूण वर्षभरात साधारण पन्नास अंश सरकते, म्हणजे हात लांब करून शेजारी-शेजारी धरलेल्या पाच मुठी. मार्चमध्ये सूर्य रोज स्वतःच्या रुंदीच्या जवळजवळ पाऊणपट सरकतो, तर डिसेंबरमध्ये एका जागी घुटमळतो आणि २२च्या सुमारास परत फिरतो. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ खाताना एखादं मूल वही काढून म्हणेल, की उत्तरायण तर तीन आठवड्यांपूर्वीच झालं. त्याला गप्प बसवू नये.

या पट्टीवरच कोल्हापूरचा किरणोत्सवही उलगडतो. अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं येतात ती ९ ते ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला. डिसेंबरच्या टोकापासून दोन्ही तारखा साधारण एक्केचाळीस-बेचाळीस दिवसांवर. सूर्य दक्षिणेला जाताना आणि परत येताना क्षितिजावरच्या एकाच जागेवरून जातो, म्हणून उत्सव दोनदा.

सांगलीकडे असं डोंगराचं क्षितिज नाही. कृष्णाकाठ, उसाची रानं, सपाट कड. पण उन्हाला तोटा नाही, आणि उन्हात सावलीचं चित्र काढता येतं. मीटरभर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करायची आणि दर अर्ध्या तासाला सावलीचं टोक खडूने फरशीवर टिपायचं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात ही सावली भर दुपारी साडेबाराच्या सुमारास नाहीशी होते. सांगलीत ७ मेच्या आसपास, साताऱ्यात १० मेच्या आसपास. तीन दिवसांचा हा फरक दोन गावांच्या अक्षांशांतला आहे. साताऱ्यात काठीखाली काहीच नसतं त्या दुपारी सांगलीतल्या तेवढ्याच काठीची सावली पडते, आणि ती दक्षिणेला, नेहमीच्या उलट बाजूला. लांबी फक्त दीड सेंटिमीटरच्या आत. दोन्ही शाळांनी फोनवरून मापं सांगितली की पृथ्वीचा घेर काढायचा एराटोस्थेनिसचा जुना हिशेब मांडता येतो.

मांडता येतो, पण नीट येत नाही, आणि मला सगळ्यात आवडते ती हीच अडचण. खडू घेऊन बसलेलं मूल विचारतं, सावली नक्की कुठे संपते? कडा धूसर असते. मीटरभर उंचीच्या टोकाची कडा जवळपास ९ मिलिमीटर धूसर असते, म्हणजे मोजायची सावली चौदा मिलिमीटर आणि तिच्यातली शंका नऊची! पण ती शंका म्हणजे सूर्याचीच रुंदी आहे. सूर्य ठिपका असता तर कडा सुरीसारखी पडली असती. तो अर्ध्या अंशाची थाळी आहे म्हणून कडा विरघळते. कडुनिंबाखाली पडलेले उन्हाचे गोल कवडसे हीच थाळी दाखवतात.

आकार हा चित्रातला सगळ्यात मोठा घोटाळा. मुलं चंद्र ताटाएवढा काढतात. त्यांना शाळूचा एक टपोरा दाणा द्या, एक डोळा मिटून हात लांब करायला सांगा. पौर्णिमेचा अख्खा चंद्र त्या दाण्यामागे जवळजवळ जातो. मोठ्या माणसाचा हात लांब, त्याला तुरीचा दाणा लागतो. सूर्यमालेसाठी रांगोळी बरी. पटांगणात १०९ सेंटिमीटर व्यासाचा सूर्य काढायचा. मग पृथ्वी होते सेंटिमीटरभराची, तासगावच्या टपोऱ्या बेदाण्याएवढी, आणि ठेवायची ११७ मीटरवर. तिच्यापासून वीतभराहून थोडं लांब, ३० सेंटिमीटरवर, मोहरीहून जरासा मोठा चंद्र. नेपच्यूनसाठी साडेतीन किलोमीटर चालावं लागेल. तक्त्यावरचे ओवलेले मणी तिथे आपोआप गळून पडतात.

आता एक इशारा, तोही चित्रातूनच आलेला. मंगळावर कालवे आहेत असं एकेकाळी नामांकित निरीक्षक दुर्बिणीतून पाहून काढत होते. वॉल्टर माँडर या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाला शंका होती. हा गृहस्थ १८९८च्या ग्रहणाला विदर्भातल्या तळणीत आला होता. १९०३ मध्ये त्याने एका मुख्याध्यापकाच्या मदतीने ग्रिनिचच्या शाळेतल्या मुलांना मंगळाची चित्रं नकलायला बसवलं. चित्रांत कालवे नव्हते, बारीक ठिपके आणि अस्पष्ट डाग होते. अगदी जवळच्या मुलांनी ठिपके काढले. मधल्या अंतरावरच्या पुष्कळ मुलांनी सरळ रेघा काढल्या. डोळ्याने ठिपके जोडून टाकले होते. म्हणून कार्यशाळेत दहा मुलांनी एकच चंद्र काढावा आणि दहाही कागद भिंतीवर लावावेत, नंबर न देता. जे सगळ्यांत आहे ते बहुधा आकाशात आहे, जे एकाच्याच कागदावर आहे ते पुन्हा बघायचं.

ठिपके जोडणं मात्र वाईटच असं नाही. मृगाच्या ताऱ्यांत ग्रीकांना शिकारी दिसला, आपल्याला पोटात बाण रुतलेलं हरीण. सप्तर्षींच्या चौकोनात गोंडांना म्हातारीची खाट दिसते आणि शेपटीत ती पळवायला आलेले तीन चोर. नुसते ठिपके देऊन माण-खटावच्या किंवा जतच्या मुलांना काय दिसतं ते काढू द्यावं. फक्त रंग खरे हवेत. मृगातला काक्षी तांबूस, तिथलाच राजन्य निळसर पांढरा. वहीतल्या सगळ्या चांदण्या पिवळ्या असतात, आकाशातल्या नसतात.

क्षितिजाच्या पट्टीवर शेवटी एक जागा रिकामी राहते. जूनमध्ये यवतेश्वर ढगात जातो, आणि सूर्याचं उत्तरेकडचं टोक, २१ जूनचं, साताऱ्याच्या मुलाला सहसा बघायला मिळत नाही. चार महिने चौकटीत ‘ढग’ असंच लिहावं लागतं. पण मधली मार्चची खूण आहे, दक्षिणेचं डिसेंबरचं टोक आहे. तेवढंच अंतर उलट बाजूला मोजून ती जागा हलक्या पेन्सिलीने काढून ठेवता येते. डोंगराची कड सगळीकडे सारख्या उंचीची नाही, त्यामुळे थोडी चूक होणारच. मग दरवर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसाने संध्याकाळी अर्धा तास उघडीप दिली, की वही घेऊन गच्चीवर पळायचं.