वॉल्टर हंटची पिन आणि सुई

घरातल्या शिवणाच्या डब्यातून एक सेफ्टी पिन काढून नीट न्याहाळा. तारेचा एक तुकडा, मध्ये वेटोळे, एका बाजूला अणकुचीदार टोक आणि दुसऱ्या बाजूला ते झाकणारी टोपी. पिन मिटताना वेटोळ्याला पीळ बसतो. तो सुटू पाहतो व टोकाला बाहेर ढकलतो. म्हणूनच टोक टोपीत घट्ट अडकून राहते. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट या कल्पक कारागिराला १० एप्रिल १८४९ रोजी या रचनेचे पेटंट मिळाले. थोडे कर्ज फेडायचे होते म्हणे, म्हणून त्याने ते ४०० डॉलरना कायमचे विकून टाकले. पुढे जगभर पिना खपल्या, पण त्यातला छदामही त्याच्या वाट्याला आला नाही.

पेटंट, ज्याला शासकीय मराठीत एकस्व म्हणतात, हा एक प्रकारचा करार आहे. आपल्या शोधाची कृती खुलासेवार लिहून जगापुढे उघड करायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे इतरांना तो बनविण्यास व विकण्यास मनाई करण्याचा हक्क मिळवायचा. हा हक्क शेताप्रमाणे विकता येतो किंवा खंडाने देता येतो. म्हणजे दुसऱ्याला परवाना देऊन दर नगामागे स्वामित्वधन घ्यायचे. हंटने शेतच विकले. पण निदान विकायला त्याच्याजवळ शेत तरी होते!

त्याआधीची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. १८३४ च्या सुमारास याच हंटने शिवणयंत्र बनविले होते. हातसुईचे नेढे मागे असते. त्याने ते टोकाशी आणले. अशी सुई कापडातून धाग्याचा फास खाली नेई व त्यातून धोटा दुसरा धागा ओवी. शिवण पक्की! या यंत्रावर धंदा सुरू कर, असे त्याने आपली मुलगी कॅरोलाइन हिला सुचविले. हाताने शिवणाऱ्या गरीब स्त्रियांची रोजी बुडेल, म्हणून तिने नकार दिला. मला तिचे म्हणणे अगदीच चूक वाटत नाही. पण हंटने पेटंटही घेतले नाही आणि यंत्र मागे पडले.

१० सप्टेंबर १८४६ रोजी इलायस हौ याने तशीच सुई व धोटा असलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे आयझॅक सिंगरशी त्याचा वाद जुंपला, तेव्हा सिंगरच्या बाजूने हंटचे जुने यंत्र पुढे आले. हंटने १८५३ मध्ये अर्ज केला. १८५४ मध्ये पेटंट आयुक्तांनी मान्य केले की हंटचे यंत्र आधीचे. परंतु त्याने इतकी वर्षे ते सोडून दिले होते, म्हणून हक्क हौचाच. हौने दर यंत्रामागे स्वामित्वधन घेऊन लाखो डॉलर मिळविले. सिंगरने १८५८ मध्ये हंटला ५०,००० डॉलर देण्याचे कबूल केले, पण पुढच्याच वर्षी हंट वारला.

पेटंट न घेता गुपित राखले असते तर? मसाल्याची किंवा शाईची कृती गुप्त ठेवता येते. शिवणयंत्र मात्र कोणीही विकत घेईल, स्क्रू काढील आणि आत पाहील.

विज्ञान प्रदर्शनात मुले मला विचारतात, "सर, माझी कल्पना कोणी उचलली तर?" वहीत तारीख घालून शिक्षकांची सही घेतली की काम झाले, असा समज आहे. तो चुकीचा आहे. भारतात आधी अर्ज करणाऱ्याला हक्क मिळतो आणि शोध त्या दिवशी नवा असावा लागतो. आधीच चारचौघांत मांडलेल्या यंत्राचे नावीन्य धोक्यात येते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना १२ महिन्यांची सवलत आहे, पण शाळेचे प्रदर्शन त्यात मोडते असे धरून चालू नका. नुसत्या कल्पनेलाही पेटंट नाही. ती कशी चालते हे सांगावे लागते. (निसर्गनियमांना धाब्यावर बसविणारी, इंधनाविना अखंड फिरणारी चाके कायद्यानेच बाद आहेत!) प्रयोग अपुरा असेल तर तात्पुरत्या वर्णनासह अर्ज करता येतो आणि पूर्ण वर्णनासाठी १२ महिने मिळतात. पेटंट मिळाल्यास त्याची मुदत अर्जापासून २० वर्षे असते. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे आणि अर्ज संगणकावरूनही करता येतो. यंत्र त्यानंतर खुशाल टेबलावर मांडा.