खेळाचे नियम कोण लिहितो?

"वकीलसाहेब, पोरगी म्हणते मला गेम्सचं शिकायचंय. हा काय शिकण्याचा विषय झाला?" परवा एका गृहस्थांनी मला विचारले. पोटाला चिमटा घेऊन लेकरांना शिकवणाऱ्या बापाचा हा प्रश्न आहे. तो हसण्यावारी नेता येत नाही.

खेळाचा अभ्यास म्हणजे दिवसभर खेळत बसणे नव्हे. खेळ म्हणजे काय, तो रचतात कसा आणि तो खेळणारा समाज कसा घडतो, असे या विद्याशाखेचे तीन पदर आहेत. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली खेळ हा संस्कृतीचाच पाया असल्याचे मांडले. २००१ साली या विषयाला वाहिलेले 'गेम स्टडीज' हे संशोधनपत्र सुरू झाले. अर्थशास्त्रातील 'गेम थिअरी' मात्र वेगळी; ते डावपेचांचे गणित आहे. प्रवेश घेताना ही गल्लत करू नये.

हा अभ्यास काय शिकवतो, ते एका उदाहरणाने पाहू. आपल्याकडचा 'व्यापार' ज्या धर्तीवर बेतला, तो 'मोनोपॉली' सर्वांना ठाऊक आहे. त्याचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन लघुलेखिकेच्या खेळात आहे. 'लँडलॉर्ड्स गेम' या नावाने तिला १९०४ साली त्याचे पेटंट मिळाले. जमिनीची किंमत समाजामुळे वाढते, म्हणून तिचा लाभ समाजालाच मिळावा, या हेन्री जॉर्ज यांच्या विचाराची ती पुरस्कर्ती होती. तिने एकाच पटासाठी दोन नियमावल्या दिल्या. एकीत सर्वांना देशोधडीला लावणारा एकटा जिंकतो. दुसरीत संपत्ती वाढली की सर्वांचाच फायदा होतो. पट तोच, फासे तेच. नियम बदलले की निकाल बदलतो! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्कॉट नियरिंग हे प्राध्यापक हाच खेळ विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरत.

पुढे काय झाले? १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने मॅगीचे पेटंट अवघ्या ५०० डॉलरला घेतले. खेळाचा जनक म्हणून नाव झाले चार्ल्स डॅरो यांचे. मक्तेदारीची नियमावली घराघरांत पोहोचली, दुसरी विस्मृतीत गेली. मक्तेदारीवर टीका करणारा खेळ मक्तेदारीचाच उत्सव ठरला. खरा इतिहास लोकांपुढे आला तो न्यायालयामुळे. राल्फ अँस्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी 'अँटी-मोनोपॉली' हा खेळ काढला. कंपनीशी त्यांचा खटला सुरू झाला आणि त्यात मॅगीचे पेटंट उजेडात आले. १९८२ साली अपील न्यायालयाने प्राध्यापकांच्या बाजूने निकाल दिला.

वकील म्हणून मला यात आपलीच विद्या दिसते. नियम आभाळातून पडत नाहीत. ते कोणीतरी लिहितो, कोणाच्या तरी सोयीसाठी लिहितो, आणि म्हणूनच ते बदलताही येतात. आज कोट्यवधी मुले मोबाईलच्या पडद्यावर दुसऱ्यांनी लिहिलेले नियम निमूटपणे पाळत आहेत. ते नियम लिहिणाऱ्यांच्या खोलीत आपल्या लेकी नकोत काय?

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले: पोरीला अडवू नका, पण संस्था नीट पारखा. तिथे केवळ संगणकावर चित्रे हलवायला शिकवतात, की नियम वाचायला, तपासायला आणि नव्याने लिहायलाही शिकवतात, हे विचारा. फी त्यानंतर भरा.