गावची सून, गावची आशा

2005 साली आशा योजना आली तेव्हाच नियम झाला, आशा त्याच गावची रहिवासी हवी. म्हणजे आपल्या भोकरदन-मंठ्याकडं ती बहुधा कुणाची तरी सून. विश्वास मिळतो तो त्यामुळंच, आणि तोंड बंद राहतं तेही त्यामुळंच. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेलं, की "एवढ्या रात्री कुठं फिरती?" लस दिल्यावर बाळाला ताप आला, की शिव्या तिलाच. तक्रार करावी तर समोर भावकीतला माणूस. घरचेही म्हणतात, जाऊ दे. पगार नाही, नुसता मोबदला, वर हे. मन कामात कसं लागावं? आम्हाला तर वाटतं, मारापेक्षा हे "जाऊ दे"च जास्त लागतं.

डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर राज्याच्या 2010 च्या कायद्यानं 3 वर्षांपर्यंत कैद आहे. आशाताईंचं काय? 2020 च्या साथरोग कायद्यातल्या दुरुस्तीत गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या आल्या, पण ते साथीपुरतं. कामावर कुणी अंगचटीला आलं, तर मात्र 2013 चा कायदा मोबदल्यावर, अगदी स्वयंसेवक म्हणून काम करणारीलाही लागू आहे. तक्रार 3 महिन्यांच्या आत, लेखी. लिहिता येत नसेल तर समितीनंच मदत करायची असते. सोबत गटप्रवर्तकताईंना घ्या.