देहूला विचारायला आलेली बाई

मंबाजी गोसाव्यांबद्दल मला बरीच वर्षं कुतूहल आहे. कीर्तनात ते येतात ते हातात काटेरी फांदी घेऊनच. तुकोबांची म्हैस त्यांच्या बागेत शिरते, वाटेवर घातलेलं काट्याचं कुंपण तुकोबा बाजूला सारतात, मंबाजी त्यांना बडवतात आणि त्याच रात्री तुकोबा त्यांना कीर्तनाला बोलवायला जातात, वर त्यांचे हातपायही दाबून देतात. महिपतीबुवांनी रंगवलेला हा प्रसंग इतका पक्का ठसला आहे की मंबाजींना दुसरं आयुष्यच उरलं नाही. ‘प्रभात’नं १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला तेव्हा खलनायकी सालोमालोच्या नावावर गेली आणि मंबाजींचं तेवढंही श्रेय गेलं.

पण हा माणूस होता कसा? त्याचं म्हणणं तरी काय होतं? त्याला तुकोबांचा एवढा राग का यावा? महिपतींनी ‘भक्तलीलामृत’ लिहून पूर्ण केलं ते १७७४ साली, म्हणजे तुकोबांना जाऊन सव्वाशे वर्षं होत आल्यावर. त्यांच्यापुढे होत्या त्या ऐकीव कथा. मंबाजींना रोज पाहणारं, त्यांचा राग सोसलेलं आणि तो टिपून ठेवणारं माणूस मात्र एकच: बहिणाबाई. जळगावच्या चौधरींच्या नव्हेत. सतराव्या शतकातल्या, वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या आणि शेवटी शिऊरला स्थिरावलेल्या संत बहिणाबाई. त्यांचं अभंगबद्ध आत्मचरित्र जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्यानं १९२९ साली इंग्रजीत नेलं. मराठीत शालिनी जावडेकरांनी गाथा संपादित केला. मी तो उघडला मंबाजींसाठी आणि अडकलो बहिणाबाईंपाशी.

देहूपर्यंतची हकिगत थोडक्यात. तीन वर्षांच्या मुलीचं लग्न तिशीतल्या बिजवराशी लागलं. नवरा गंगाधर पाठक, वेदपठण केलेला, जोतिषी, तापट. घरात भाऊबंदकी आणि डोक्यावर देणं. सासरमाहेर मिळून सगळं कुटुंबच गाव सोडून निघालं आणि पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करत कोल्हापूरला एका ब्राह्मणाच्या ओसरीवर येऊन टेकलं. तिथं दान मिळालेल्या गाईचं वासरू या अकरा वर्षांच्या मुलीच्या मागं मागं फिरू लागलं, कीर्तनालासुद्धा. गर्दीत वासराला बाहेर काढलं, ते हंबरू लागलं, तेव्हा कीर्तनकार जयरामस्वामींनी त्याला आत आणवलं आणि त्याच्यासोबत या मुलीच्याही पाठीवरून हात फिरवला. गावभर बोलणं झालं. नवऱ्याच्या कानावर गेलं. त्यानं बायकोला बांधून मारलं.

पुढं वासरू गेलं, बहिणाबाई बेशुद्ध पडल्या आणि त्या ग्लानीत त्यांना तुकोबांचं दर्शन झालं, उपदेश मिळाला. ज्यांना कधी पाहिलं नाही, ज्यांचे नुसते अभंग कीर्तनात ऐकले, ते गुरू झाले. आता घरातला प्रश्न बदलला. बायको कीर्तनाला जाते एवढ्यावर तो थांबेना. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू केलं, आणि लोक तिला पाहायला येऊ लागले.

इथं बहिणाबाई जे करतात ते मला विलक्षण वाटतं. त्या नवऱ्याचं म्हणणं सविस्तर मांडतात. आपण शास्त्र शिकलेले, आपल्याला स्वप्नातला उपदेश ठाऊक नाही. उद्या लोक हिच्या पाया पडतील आणि आपल्याला काडीची किंमत राहणार नाही. त्यापेक्षा हिला आईबापांच्या स्वाधीन करून निघून जावं, हे बरं. हा सगळा विचार त्या त्याच्या बाजूनं सांगतात. मार खाणाऱ्या बाईनं मारणाऱ्याच्या मनातली भीती अशी नेमकी ओळखावी, तीही त्याला माफ करण्याची घाई न करता, हे आजच्या आत्मचरित्रांतही क्वचित सापडतं. गंगाधरपंत दुष्ट आहेत असं त्या म्हणत नाहीत. ते घाबरलेले आहेत, हे आपल्याला दिसतं.

स्वतःचा प्रश्नही त्या तितक्याच रोखठोकपणे मांडतात. बाईला वेदाचा अधिकार नाही, पुराणं बाईच्या संगतीला धोका म्हणतात, मग बाईच्या जन्माला आलेल्यानं परमार्थ साधायचा कसा? नवरा हाच देव मानावा, तर तो देव विठ्ठलाचं नाव घेऊ देत नाही. विठ्ठल धरावा, तर संसार मोडतो. हा पेच कुणाला विचारायचा? आईबाप परावलंबी, शास्त्री नवऱ्याच्या बाजूचे. उरला तो एकच माणूस, देहूचा वाणी.

योग असा की घर सोडून निघालेले गंगाधरपंतच आजारी पडले. औषध लागू पडेना. तुकोबांची निंदा केली म्हणून हे भोगतो आहोत, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि बरं वाटल्यावर सगळं बिऱ्हाड देहूला निघालं.

देहू तेव्हाही मत मागायला येणाऱ्यांचं गाव होतं. आळंदीत ज्ञानोबांपाशी धरणं धरून बसलेल्या ब्राह्मणाला देवानं तुकोबांकडे पाठवलं आणि तुकोबांनी त्याला अकरा अभंग आणि नारळ दिला, ही कथा वारकऱ्यांत सर्वांना पाठ आहे. त्या ब्राह्मणाला हवं होतं वेगळंच. मराठी अभंग आणि नारळ तिथंच टाकून तो चालता झाला. मत मागायला येणाऱ्यांतले बरेचजण आपलं मत पक्कं करूनच येतात, हे देहूकरांना तेव्हापासून ठाऊक असावं.

बहिणाबाईंचं बिऱ्हाड गावात शिरलं तेव्हा तुकोबा देवळात आरतीत होते. उतरायला जागा हवी म्हणून ही माणसं मंबाजींच्या मठावर गेली. त्यांनी हाकलून दिलं. मग कोंडाजीपंतांनी त्यांना घरी जेवायला नेलं. या कोंडाजींबद्दल बहिणाबाई फार काही सांगत नाहीत. पण देहूतल्या सगळ्या माणसांनी या कुटुंबाला मतं दिली आणि एकट्या कोंडाजींनी आधी ताट वाढलं, हे माझ्या नजरेतून सुटत नाही.

त्यानंतर मंबाजी स्वतःहून आले. त्यांचा प्रस्ताव सरळ होता: माझ्याकडून उपदेश घ्या. बहिणाबाईंनी स्वप्नातला उपदेश सांगितला. त्यावर मंबाजींचं उत्तर तर्कशुद्ध होतं, हे मान्य करायला हवं. स्वप्नातला उपदेश हा उपदेश नव्हे, शूद्राला ज्ञान कुठलं, आणि त्याला गुरू करणाऱ्या ब्राह्मणाला पंक्तीत कोण घेईल? तिन्ही मुद्दे त्या काळच्या धर्मशास्त्राला धरून होते. बहिणाबाईंनी ऐकून घेतलं आणि ऐकलं नाही. मंबाजींनी मग राग काढला तो त्यांच्या गाईवर. गाय कोंडून तिला मारलं, आणि वळ उठले तुकोबांच्या पाठीवर, असं बहिणाबाई सांगतात. पुढं मंबाजींच्या घराला आग लागली, विझवायला लोक धावले तेव्हा कोंडलेली गाय सापडली. या चमत्काराचं काय करायचं ते प्रत्येकानं आपापलं ठरवावं. माझं लक्ष आहे ते त्याच्याभोवतीच्या एका कागदाकडे.

मंबाजींनी पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना पत्र लिहिलं. मूळ कागद आपल्यापुढे नाही. बहिणाबाईंनी अभंगात सांगितलेला मजकूर आहे. त्याचा गोषवारा असा: देहूत तुका नावाचा वाणी देवळात कीर्तन करतो, ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, रामेश्वरभटांसारखा विद्वानही त्याला नमस्कार करतो, एक ब्राह्मण जोडपं आलं आहे, तेही त्याला गुरू म्हणवतं, आपण अधिकारी आहात, याला शासन करा. पत्र वाचून आपाजी संतापले.

यात रामेश्वरभटांचं नाव मोलाचं आहे. वाघोलीचे हे शास्त्री आधी तुकोबांच्या विरोधातले म्होरके. गाथा इंद्रायणीत बुडवण्याची वेळ आणण्यात त्यांचा हात होता, असं परंपरा सांगते. तेच आता पाया पडतात, ही मंबाजींची खरी जखम. शत्रू मोठा झाल्याचं दुःख एक वेळ सोसवतं. आपल्या बाजूचा पंडित तिकडे गेला की माणूस तक्रारअर्ज लिहायला बसतो. आणि एक गोष्ट. मंबाजी उपदेश देऊन पोट भरणारे गोसावी होते. देवळात फुकट कीर्तन करणारा वाणी म्हणजे त्यांच्या दाराशी बसलेली टंचाई. त्यांची चीड धर्माची होती तितकीच पोटाची होती, असं मी मानतो.

पण हे पत्र बहिणाबाईंना कळलं कसं? आपाजींकडून फुटलं असेल, गावात चर्चा झाली असेल, किंवा मंबाजींच्या तोंडचं रोजचं बोलणं त्यांनी पत्रात ओवलं असेल. काहीही असो. आपल्याविरुद्धची फिर्याद फिर्यादीच्याच भाषेत नोंदवून ठेवणारी ही आरोपी बाई आहे. तिच्या टिपणात मंबाजी मूर्ख ठरत नाहीत. त्यांचा राग ऐकू येतो, मुद्दा समजतो. महिपतींच्या मंबाजींच्या हाती काटे आहेत. बहिणाबाईंच्या मंबाजींकडे युक्तिवादही आहे.

त्या युक्तिवादाला उत्तर द्यायला बहिणाबाईंना वेळ लागला. अश्वघोषाच्या नावावर सांगितली जाणारी, उपनिषदांतही गणली गेलेली ‘वज्रसूची’ त्यांनी अभंगांत आणली. ब्राह्मण कोण, असं तिच्यात विचारलं आहे. जीव ब्राह्मण, की देह, की जात, की ज्ञान, की कर्म? एकेक पर्याय घ्यायचा आणि खोडायचा. कोंडलेल्या गाईच्या मालकिणीनं हा ग्रंथ निवडावा यात मला योगायोग दिसत नाही. मंबाजींनी विचारलं होतं, शूद्राला ज्ञान कुठलं? या बाईनं उलट विचारलं, ब्राह्मण म्हणजे तरी नेमकं काय?

या ग्रंथाचा पुढचा प्रवास मजेदार आहे. विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं तो १८३९ साली छापला, तेव्हा सुबाजी बापू या मराठी पंडितानं त्याचं खंडन लिहिलं आणि दोन्ही एकत्र बाहेर आलं. १८६१ साली तुकाराम तात्या पडवळांनी ‘जातिभेद विवेकसार’मध्ये वज्रसूचीचा आधार घेतला, त्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीला जोतीराव फुल्यांनी हात दिला. याच पडवळांनी नंतर तुकोबांची गाथाही छापली. आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली ती देहूरोडला, तुकोबांच्या गावापासून काही किलोमीटरवर. रंगूनच्या बौद्ध परिषदेहून ते नुकतेच परतले होते. पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच, असं आपण सिद्ध करणार असल्याचं त्यांनी त्या सभेत सांगितलं. मंबाजींनी काढलेला वाद तीनशे वर्षांनी पुन्हा त्याच पंचक्रोशीत येऊन उभा राहिला.

आज या पंचक्रोशीत चाकण, तळवडे, तळेगावचे कारखाने आहेत. सकाळच्या पाळीच्या बसगाड्या आणि तुकाराम बीजेला येणाऱ्या दिंड्या एकाच रस्त्यानं जातात. गाथा मंदिरात किंवा पारायणाच्या मंडपात कीर्तन संपलं की महाराजांभोवती बायका जमतात, आणि तिथं जे विचारलं जातं ते ऐकण्यासारखं असतं. मला माळ घालायची आहे, पण घरी रविवारी मटण लागतं. ते शिजवायचं कुणी? नवरा म्हणतो माळ घाल, पण स्वयंपाक मी सांगेन तोच. मुलीनं कंपनीतल्या परजातीच्या मुलाशी जमवलंय, तोही माळकरी आहे, मग अडचण काय? बहुतेक महाराज हसून मधला मार्ग सांगतात: वेगळं पातेलं ठेवा, सासूबाईंशी गोडीनं बोला. सल्ला वाईट नसतो. पण विचारणारी बाई घरी जाऊन कुणाला काय म्हणाली, नवरा काय म्हणाला, हे कुणी लिहीत नाही. आपल्याकडे उत्तरांची पुस्तकं उदंड आहेत. प्रश्न विचारणारीनं लिहिलेलं पुस्तक जवळपास बहिणाबाईंचं हे एकच.

बहिणाबाईंनी त्यांच्या पेचाचं उत्तर काय काढलं? त्या नवऱ्यासोबत राहिल्या. देहूत त्यांना मुलगी झाली, पुढं मुलगा. पतिव्रताधर्मावर त्यांनी जे अभंग रचले ते मला पचत नाहीत. बांधून मार खाल्लेल्या बाईनं पतिसेवेचं गुणगान गावं, हे वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. काही अभ्यासक त्यात तडजोड पाहतात, काही डावपेच. मला वाटतं, त्यांना खरंच दोन्ही हवं होतं, घरही आणि विठ्ठलही, आणि आपल्या सोयीसाठी त्यांना एकाच बाजूला उभं करण्याचा हक्क आपल्याला नाही. एवढं मात्र दिसतं की पतिव्रतेचे गोडवे गाताना त्यांनी दोरी आणि मार गाथेतून पुसला नाही. त्यांच्या पतिव्रताधर्माला जो कोणी आदर्श म्हणून पुढं करेल, त्याला ती दोरीही सोबत वागवावी लागेल.

तुकोबांनी त्यांना नेमकं काय सांगितलं? आश्चर्य म्हणजे बहिणाबाईंच्या देहूच्या हकिगतीत तुकोबा फार थोडं बोलतात. ते कीर्तन करतात, बाकीचे मतं देतात. ज्याला विचारायला आलो त्यानं न्यायनिवाडा केला नाही, म्हणून बाईला स्वतः विचार करणं भाग पडलं, असं मी यातून वाचतो. १७०० साली शिऊरला देह ठेवण्यापूर्वी त्यांनी मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म सांगितले आणि हा तेरावा शेवटचा म्हणाल्या. मागच्या जन्मांचं खरंखोटं राहू द्या. आयुष्याच्या शेवटी आईनं मुलाला बसवून आपली सगळी हकिगत सांगावी आणि त्यानं ऐकावी, हा प्रकार आपल्या घरांत आजही दुर्मीळ आहे.

कुणाचंही मत मागायला गेलं की मागणाऱ्यावर एक जबाबदारी येते: न पटलेलं मतही जसंच्या तसं लक्षात ठेवणं. बहिणाबाईंनी ती पार पाडली. मंबाजींचे शिष्य असतील, मठ होता, पुण्यात वजनदार ओळख होती. तरी त्यांचं म्हणणं आज आपल्यापर्यंत पोचलं ते त्यांनी दारातून हाकललेल्या बाईमुळे.