मेजर संगणक, मायनर लेखन

नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर हे शब्द आता महाराष्ट्रातल्या कॉलेजांतही रुळले आहेत. पण साहित्य किंवा लेखन नुसतं मायनर म्हणून घेऊन काय होणार, असं विचारणाऱ्यांनी अमेरिकन कॉमिक्सकार जीन लुएन यांगची गोष्ट जरूर वाचावी.

वडिलांचा आग्रह व्यवहारी शिक्षणाचा. म्हणून बर्कली विद्यापीठात त्याने मेजर घेतलं कॉम्प्युटर सायन्स आणि मायनर सर्जनशील लेखन. १९९५मध्ये पदवी मिळाली. पुढे ओकलंडच्या शाळेत तो दिवसा संगणक शिकवायचा आणि उरलेल्या वेळात कॉमिक्स रचायचा. २००६मध्ये त्याचं ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ आलं. नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोहोचलेली ती पहिली ग्राफिक कादंबरी!

पुढच्याच वर्षी तिला किशोर साहित्यासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार मिळाला. शाळेतले संगणकाचे तास मात्र त्याने त्यानंतरही कित्येक वर्षं घेतले.